घरच्या परड्यात वेल्डिंग शिकताना

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला वेल्डिंगचे अप्रूप नसते. उद्यमनगरातल्या गल्ल्यांतून जाताना निळा उजेड दिसला की मान फिरवायची, ही सवय शाळेच्या वयातच लागते; आणि गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी उभ्या राहतात. या रोजच्या परिचयातूनच एक गैरसमज होतो. एका हाताने उचलता येणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशिने बाजारात आल्यापासून अनेकांना वाटते की मशिन आणले, रॉड लावला की काम सुरू. प्रत्यक्षात नवशिक्याची नजर ठिणगीवर खिळलेली असते आणि जोड मात्र ठिणगीच्या खाली, वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्यात तयार होत असतो. ते डबके ओळखता येणे आणि त्याला हव्या त्या दिशेने नेता येणे, एवढेच खरे शिकायचे असते. बाकीची सारी तयारी ते डबके शांतपणे पाहता यावे यासाठी आहे.

हा लेख गेटची निखळलेली बिजागरी, कुंड्यांचे स्टँड, गोठ्यातली कडी अशी कामे घरी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना यावर पोट भरायचे आहे त्यांनी आयटीआयचा वेल्डर ट्रेड करावा, हे उत्तम. घरासाठी मी रॉडचे वेल्डिंगच सुचवीन. मिग वेल्डिंग (यात रॉडऐवजी सलग तार पुढे सरकत राहते) हाताला लवकर बसते हे खरे, पण त्याला गॅसचे सिलिंडर लागते आणि उघड्या परड्यात वाऱ्याची एक झुळूक आली तरी तो गॅस उडून जाऊन जोडात छिद्रे पडतात. रॉडवरचे आवरण जळताना स्वतःच वायू आणि स्लॅग, म्हणजे जोडावर बसणारी मळीची खपली, तयार करून वितळलेल्या धातूला हवेपासून झाकते, त्यामुळे बाहेर काम करणाऱ्याला रॉडच सोयीचा.

जागा आणि वीज

जागा उघडी, कोरडी आणि खाली माती, फरशी किंवा काँक्रीट असलेली हवी. ग्रामीण भागात एक धोका हमखास विसरला जातो, तो म्हणजे वैरणीची गंज. वेल्डिंगच्या आणि विशेषतः ग्राइंडरच्या ठिणग्या उडून, घरंगळून बऱ्याच लांब जातात. कारखान्यांत साधारणपणे ३५ फुटांच्या आत जळाऊ वस्तू ठेवू नये असा दंडक पाळला जातो. घरीही तेवढ्या अंतरात कडबा, पाचट, शेणी, प्लास्टिकचा कागद किंवा पेट्रोलची गाडी नसावी. वाळूची एक बादली जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास जागा सोडून जाऊ नये, कारण भुशात किंवा पाचटात पडलेली ठिणगी आधी नुसती धुमसत राहते.

विजेचा हिशेब मशिन घेण्याआधी करावा. अडीच मिलिमीटरचा रॉड ७५ अँपिअरवर चालवला तर आर्कवर, म्हणजे रॉडचे टोक आणि लोखंड यांमधल्या विजेच्या झोतावर, सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे तिथे १७०० वॉटच्या आसपास शक्ती खर्च होते. मशिनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर साधे सिंगल फेज इन्व्हर्टर मशिन भिंतीच्या सॉकेटमधून १२ ते १३ अँपिअर ओढते. तेच ३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर चालवला की हा आकडा २० च्या घरात जातो. याचा सरळ अर्थ असा, की अडीचचा रॉड १६ अँपिअरच्या चांगल्या पॉवर सॉकेटवर चालेल. मोठ्या रॉडसाठी मात्र इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन आणि एमसीबी बसवून घ्यावा लागेल. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहावा. घरातला ५ अँपिअरचा प्लग या कामासाठी कधीही वापरू नये. एक्स्टेन्शन लागलीच तर ती किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची, तीन पिनांची हवी, आणि वापरताना वेटोळे पूर्ण उलगडलेले हवे. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

इथे ‘अर्थिंग’ या शब्दाचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे कामाला लावायच्या क्लॅम्पलाही अर्थिंगच म्हणतात. घराचे अर्थिंग वेगळे. ते मशिनच्या पत्र्यात वीज उतरली तर माणसाला वाचवते, आणि ते नसेल तर मशिन सुरूच करू नये. कामाचा क्लॅम्प हा परतीचा रस्ता आहे. रॉड धरणाऱ्या होल्डरमधून गेलेला सारा प्रवाह त्या क्लॅम्पमधूनच मशिनकडे परत येतो, म्हणून तो जोडायच्या तुकड्यालाच, ग्राइंडरने घासून पांढऱ्या केलेल्या जागी, जोडाच्या जवळ लावावा. गंजावर किंवा रंगावर लावला तर आर्क धरत नाही आणि दोष रॉडला दिला जातो.

रॉड बदलताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हातमोज्यातून ते जाणवत नाहीत. घामाने भिजलेल्या मोज्यातून आणि ओल्या जमिनीवर तेच जीवघेणे ठरू शकतात. त्यामुळे पावसात, ओल्या अंगणात किंवा अनवाणी हे काम करायचे नाही, आणि जून ते सप्टेंबर या काळात शेड नसेल तर परड्यातले वेल्डिंग बंद ठेवावे.

मशिन, रॉड आणि पावसाळा

मशिनवर ठळक अक्षरांत ‘२००’ लिहिलेले असते, त्यावर जाऊ नये. मागच्या किंवा खालच्या पट्टीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते, ती वाचावी. १६० अँपिअरला ६० टक्के म्हणजे त्या प्रवाहावर १० मिनिटांतली ६ मिनिटे चालवून ४ मिनिटे विश्रांती. जिथे असे काहीच लिहिलेले नाही, ते मशिन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी तेलाची ट्रान्सफॉर्मर मशिने दणकट असतात आणि स्वस्तात मिळतात, पण ती बहुधा दोन फेज मागतात आणि वजनाने माणसाला दमवतात. घरासाठी इन्व्हर्टरच बरे.

रॉड घेताना पाकिटावर ६०१३ हा क्रमांक पाहावा आणि आयएस ८१४ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का तेही पाहावे. ६०१३ चा आर्क मऊ असतो, तो सहज पेटतो आणि स्लॅग सहज सुटतो. ७०१८ हा रॉड अधिक मजबूत जोड देतो, पण तो ओलाव्याला फार हळवा असून वापरण्यापूर्वी ३०० अंशांच्या पुढे तापवून घ्यावा लागतो. घरच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. व्यासाचे म्हणाल तर सुरुवात अडीच मिलिमीटरनेच करावी. त्याला ६० ते ९० अँपिअर लागतात, ३.१५ ला ९० ते १३०. पातळ चौकोनी पाइपसाठी २ मिलिमीटरचा रॉड ४० ते ६० वर चालतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट आठवड्याभरात ओलावा धरते. असा रॉड फडफड आवाज करतो, ठिणग्या जास्त उडवतो आणि वेल्डच्या रेघेत सुईच्या टोकाएवढी छिद्रे ठेवतो. मी उरलेले रॉड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्ही तोंडांना टोपणे लावून ठेवतो, आणि ही युक्ती पुरेशी आहे. ओले झालेले ६०१३ रॉड सुमारे १०० ते १२० अंशांवर तासभर सुकवता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. आवरणाचे टवके उडालेले रॉड सरळ भंगारात टाकावेत.

डोळे, अंग आणि धूर

आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या बुबुळाचा वरचा थर भाजतात. गंमत अशी की त्या वेळी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी बोचू लागते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. मी शिकत असताना काच खाली घेण्यापूर्वीच आर्क पेटवण्याचा उतावीळपणा दिवसभर केला आणि ती रात्र अंधाऱ्या खोलीत बसून काढली. अशा वेळी बटाट्याचे काप, दूध किंवा शेजाऱ्याने सांगितलेले थेंब डोळ्यात घालू नयेत. डोळे चोळू नयेत आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावे. साधारणपणे एक-दोन दिवसांत डोळे पूर्ववत होतात, पण हे वारंवार घडू देण्यासारखे नाही.

हातात धरायच्या काचेपेक्षा डोक्यावर बसणारे, आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावे. व्यावसायिक वेल्डर हातातली काच धरून सुरेख काम करतात, कारण रॉडचे टोक कुठे आहे हे त्यांच्या हाताला न पाहता कळते. नवशिक्याला ते कळत नाही, आणि शिवाय दुसरा हात मोकळा लागतो. या प्रवाहासाठी १० किंवा ११ शेडची (हा काचेच्या काळेपणाचा क्रमांक) काच योग्य. गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म म्हणजे संरक्षण नव्हे. आणि परड्यात लहान मुले असतील, तर त्यांना घरात पाठवूनच काम सुरू करावे. आर्क म्हणजे दिवाळीचा फुलबाजा नव्हे हे मुलांना सांगून कळत नाही.

कपडे जाड सुती असावेत. नायलॉन किंवा पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते. बाह्या पूर्ण, गळ्याचे बटण लावलेले, पँटच्या टोकाला घडी नको (घडीत निखारा साठतो), पायात चामड्याचे बंद बूट आणि हातात चामड्याचे लांब मोजे. उघड्या कातडीला उन्हाने भाजावे तसे आर्कनेही भाजते.

धुराबाबत एकच गोष्ट मनात पक्की करावी: गॅल्व्हनाइज्ड पाइप म्हणजे जीआय पाइप, त्यावरचा जस्ताचा थर काढल्याशिवाय वेल्ड करू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पोलाद वितळायला १४०० च्या पुढे तापमान लागते. म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन इंचांचा थर ग्राइंडरने काढावा, तोंडावर योग्य मास्क लावावा आणि वारा पाठीमागून नव्हे, तर बाजूने येईल असे उभे राहावे, म्हणजे धूर तोंडासमोर घोटाळत नाही. तेल, रंग आणि ब्रेक क्लीनरसारखी द्रावणे लागलेल्या लोखंडाबाबतही हीच काळजी घ्यावी. क्लोरीनयुक्त द्रावणे आर्कच्या उष्णतेने विषारी वायू तयार करतात.

जे जोडायचेच नाही

डिझेलचे पिंप, पेट्रोलची टाकी, जुना गॅस सिलिंडर किंवा कुठलेही बंद भांडे, रिकामे दिसत असले आणि धुतलेले असले तरी, घरी वेल्ड करू नये. आत राहिलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते. ट्रॉलीचा ड्रॉबार आणि हुक, गाडीची चॅसिस, शिडी, झोपाळ्याची कडी, गच्चीचा कठडा ही कामेही अनुभवी माणसाकडेच द्यावीत. इथे जोड तुटला तर लोखंड नव्हे, माणूस पडतो.

आपल्या शहरापुरती आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. कोल्हापूर फाउंड्रीचे शहर असल्याने घरोघरी बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तू सापडतात: जुन्या ऑइल इंजिनाचे भाग, कडबाकुट्टीचे चाक, चरकाचा एखादा दात. बीडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडने ते जोडले तर थंड होताना ‘टिक्’ असा आवाज येऊन जोडाच्या कडेनेच तडा जातो. त्याला निकेलचा रॉड आणि सावकाश तापवणे-निववणे लागते. ओळखायचे कसे, तर ग्राइंडर लावून पाहावे. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर असतात, बीडाच्या आखूड आणि लालसर. (इंग्रजीत वेल्डच्या रेघेलाही ‘बीड’ म्हणतात. आपल्याकडे त्यातून गोंधळ होईल, म्हणून या लेखात रेघच म्हटले आहे.)

सरावाचे दिवस

लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून किंवा भंगारवाल्याकडून ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे वीतभर लांबीचे तुकडे आणावेत. पातळ पत्र्यावर सराव करू नये. तो भोके पाडून निराश करतो. तुकडा चकाकेपर्यंत घासावा, क्लॅम्प लावावा, ७५ अँपिअर ठेवावेत. होल्डर प्लसला लावायचा की मायनसला हे पाकिटावर दिलेले असते. ६०१३ दोन्हीकडे चालतो.

पहिले काम आर्क पेटवण्याचे. काडेपेटीवर काडी ओढावी तसे रॉडचे टोक लोखंडावर ओढायचे आणि पेटताच किंचित उचलायचे. रॉड चिकटणार, हे गृहीत धरावे. चिकटला की मनगटाला हिसका देऊन सोडवावा. नाही सुटला तर होल्डरचा दाब मोकळा करून होल्डर बाजूला घ्यावा, हेल्मेट मात्र वर करू नये. आर्क टिकू लागला की रॉडचे टोक आणि लोखंड यांत रॉडच्या व्यासाएवढेच, म्हणजे अडीच मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रयत्न करावा. रॉड सतत आखूड होत असतो, म्हणून हात पुढे नेता नेता खालीही उतरवत राहावा लागतो, आणि नवशिक्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे. कोपर टेबलावर किंवा मांडीवर टेकवले की निम्मी थरथर जाते.

रॉड जाण्याच्या दिशेला १०-१५ अंश झुकवून ओढत न्यावा. आता नजर कुठे ठेवायची हा प्रश्न येतो. झगझगीत टोकाकडे पाहू नये. त्याच्या लगेच मागे पाहावे. तिथे धातूचे नितळ, तकतकीत डबके दिसते आणि त्याच्या मागून स्लॅग दुधावरच्या सायीसारखा सरकत येतो. डबक्याची रुंदी रॉडच्या दुप्पट ते अडीचपट झाली की पुढे सरकायचे, तेवढीच रुंदी राखत जायचे. साय पुढे येऊन डबके झाकू लागली तर हात मंद पडला आहे किंवा प्रवाह कमी आहे. पहिले काही दिवस साय कुठली आणि डबके कुठले हे कळतच नाही. मग एखाद्या दिवशी अचानक दिसते, आणि नंतर ते न दिसणे शक्य होत नाही.

प्रत्येक रेघ निवल्यावर चिपिंग हॅमरने स्लॅग काढावा, त्या वेळी पारदर्शक सेफ्टी चष्मा डोळ्यांवर हवाच, कारण गरम स्लॅगची खपली सरळ डोळ्याकडे उडते. रेघ उंच, अरुंद आणि लोखंडावर नुसती ठेवल्यासारखी दिसली तर प्रवाह कमी आहे. ती पसरट, कडेला खाच पडलेली असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा अंतर वाढले आहे. एका पाकिटातले सगळे रॉड अशा रेघांत संपले तरी हरकत नाही.

त्यानंतर एक पट्टी दुसरीवर उभी करून टी-जोड घ्यावा आणि मुद्दाम एकाच बाजूने वेल्ड करावा. निवल्यावर व्हाइसमध्ये पकडून, वेल्डच्या बाजूला आडवी होईल अशी, उभी पट्टी हातोड्याने मोडावी. मोडलेल्या जागी आतल्या कोपऱ्यात पट्टीची मूळ सरळ कड जशीच्या तशी दिसली, तर धातू मुळापर्यंत पोचलाच नव्हता. वरून देखणी दिसणारी रेघ आतून पोकळ निघते ती इथे. ही परीक्षा लाजिरवाणी असते, पण फुकट असते. ती तीन वेळा पास झाल्याशिवाय खऱ्या कामाला हात घालू नये.

पहिले काम: कुंडीचे स्टँड

पहिल्या कामाला चौकोनी पाइप न घेता २५ × २५ × ३ मिलिमीटरचा अँगल घ्यावा. ३०० मिलिमीटरचे चार तुकडे चौकटीसाठी, टोके ४५ अंशांत कापलेली. २५० चे चार पायांसाठी. आणि आडव्या टाकायला पट्टीचे दोन तुकडे. अँगल मीटरला सुमारे १.१ किलो भरतो, तेव्हा २.२ मीटरचे साधारण अडीच किलो लोखंड लागेल. दुकानदार २० फुटी नग देतो, पण फॅब्रिकेशनच्या दुकानात असे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. ग्राइंडर चालवताना गार्ड काढू नये, चकतीवर लिहिलेला वेग मशिनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते पाहावे, आणि कापायच्या चकतीच्या बाजूने घासू नये; ती फुटते.

चौकट सपाट फरशीवर मांडून गुण्याने कोपरे लावावेत आणि प्रत्येक कोपऱ्याला फक्त एक छोटा टाका, म्हणजे तुकडे जागेवर धरण्यापुरता वेल्डचा ठिपका, मारावा. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ३०० च्या चौरसाचा कर्ण ४२४ मिलिमीटर येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तरच चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर या अवस्थेत हातोड्याच्या एका हलक्या ठोक्याने तो निघतो. वेल्ड निवताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो, हा या कामातला सर्वांत त्रासदायक गुण आहे. माझ्या पहिल्या स्टँडचा एक कोपरा मी हौसेने आधी पूर्ण भरला आणि मग बाकीचे जुळवायला गेलो. त्या स्टँडच्या एका पायाखाली आजही फरशीचा तुकडा आहे. म्हणून टाके सगळे आधी, पाय आणि पट्ट्यासुद्धा टाक्यांवरच उभ्या करून, गुण्या लावून, फरशीवर डगमगतात का पाहून, आणि मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरावेत. एका जागी इंच-दीड इंचापेक्षा जास्त सलग रेघ ओढू नये.

अँगल ३ मिलिमीटरचा असल्याने ७० अँपिअरच्या आसपास ठेवावेत. कडेजवळ येताना डबके अचानक मोठे होते, कारण उष्णतेला पुढे जायला लोखंड उरत नाही; तिथे हात किंचित वेगाने काढावा किंवा आर्क क्षणभर तोडावा. भोक पडलेच तर घाबरून त्याच जागी रॉड रेटू नये. लाली जाईपर्यंत थांबून, कडेकडेने छोटे टाके मारत ते भरत आणावे.

स्लॅगचा कण न् कण ब्रशने काढावा, कारण त्यावर मारलेला रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्याकडची हवा पाहता घासलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवले तरी सकाळी त्यावर तांबूस झाक येते, म्हणून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात त्याच दिवशी द्यावा. पट्टी आणि अँगल यांच्यामधल्या फटीत ब्रश नीट पोचत नाही. तिथे प्रायमर थोडा पातळ करून ओतल्यासारखा सोडावा. कुंडीचे पाणी रोज नेमके त्याच फटीत साचते.